पाच-सहा जणांच्या टीमसाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट अ‍ॅप कोणतं घ्यायचं?

"आमची पाच जणांची टीम आहे, ट्रेलो घेऊ की जिरा?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतं. कधी तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ग्रुप असतो, कधी इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या मैत्रिणी, कधी गणेश मंडळाचे कार्यकर्ते. यूट्यूबवर 'टॉप १० अ‍ॅप्स' बघून झालेलं असतं आणि गोंधळ आणखी वाढलेला असतो, कारण त्या व्हिडिओत प्रत्येकच अ‍ॅप "जबरदस्त" असतं.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही सहा जण आहोत. तीन डेव्हलपर, एक डिझायनर, एक टेस्टर, आणि क्लायंटशी बोलणारी, पैशांचा हिशोब बघणारी आमची एक सिनियर. गेल्या चार वर्षांत आमची तीन अ‍ॅप्स वापरून झाली. त्यावरून माझं मत सरळ सांगतो. छोट्या टीमने दोनच गोष्टी बघायच्या. एक, काम नेमकं कुठे थांबलंय हे त्यात एका नजरेत दिसतं का? दोन, टीममधला सगळ्यात कंटाळा करणारा माणूस ते अ‍ॅप कोणी न सांगता स्वतःच्या फोनवर उघडेल का? फीचर्सची यादी त्यानंतर.

मुळात लागतं का?

दोघं-तिघं असाल तर बहुतेक वेळा लागत नाही. एका टेबलाशी बसून चहा पिता पिता सगळं ठरतं. पण माणसं वाढली की बोलण्याच्या वाटा फार पटकन वाढतात. हिशोब सोपा आहे. जितकी माणसं, त्यातून एक वजा करून दोन्ही आकडे गुणायचे आणि दोनाने भागायचं. तीन माणसांत ३ जोड्या, सहा जणांत १५, आठ जणांत २८. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात हे सॉफ्टवेअर टीमच्या संदर्भात मांडलं आणि ते अजूनही तितकंच खरं आहे. पंधरा जोड्यांमध्ये कोण कोणाला काय बोललं हे एका डोक्यात राहत नाही. राहिलंच, तर ते नेहमी एकाच बिचाऱ्या माणसाच्या डोक्यात राहतं, आणि तो आजारी पडला की सगळं ठप्प.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की!

आहे, आणि तो राहू दे. पण मेसेज म्हणजे काम नव्हे. कामाला तीन गोष्टी लागतात: कोणाकडे आहे, कधीपर्यंत करायचंय, आणि आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे. मेसेजला फक्त वेळ असते. तो पाठवला की वर सरकायला लागतो. स्टार केला तर तो फक्त तुम्हाला दिसतो. पिन केला तर जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, आणि ग्रुपमध्ये एकावेळी तीनच मेसेज पिन करता येतात.

आमच्याकडे एकदा एका क्लायंटच्या वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट संपणार असल्याचा मेसेज ग्रुपवर आला. त्याच रात्री कोणाचा तरी वाढदिवस होता. केकचे फोटो, शुभेच्छा, नाचणारे स्टिकर. मेसेज सगळ्यांनी वाचला होता, निळ्या टिक होत्या, पण तो कोणाच्याच नावावर नव्हता. शुक्रवारी सर्टिफिकेट संपलं आणि दोन दिवस ग्राहकांना ब्राउझरमध्ये लाल इशारा दिसत राहिला. सहा जणांनी वाचलेलं काम एकानेही केलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. ते तुमच्याकडे असं आधीच झालं असेल, तर पुढचं वाचणं कामाचं आहे.

शीटला नावं ठेवू नका

पहिली पायरी म्हणून गूगल शीट उत्तम. पाच कॉलम करा: काम, कोणाकडे, तारीख, स्थिती, लिंक. पैसे लागत नाहीत, शिकवावं लागत नाही.

शीट कुठे जिंकते हेही सांगतो, कारण अ‍ॅप विकणारे हे सांगत नाहीत. सगळी कामं एकाच साच्याची असतील तर शीटच बरी. मंडळाला जाहिरातदारांकडून वर्गणी गोळा करायची आहे, ४० दुकानांना फोन करायचेत: नाव, नंबर, बोलणं झालं का, रक्कम. याला बोर्ड-बिर्ड काही नको. उलट चाळीस कार्डं सरकवत बसाल.

कामं वेगवेगळ्या प्रकारची असतील, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात असतील, तिथे शीट गडबडते. डिझाइन झालं की डेव्हलपरकडे, तिथून टेस्टरकडे, तिथून परत डेव्हलपरकडे. प्रत्येक हाताबरोबर चर्चा, स्क्रीनशॉट, बदललेली फाइल. हे सगळं एका चौकटीत मावत नाही. आणि फोनवर सात-आठ कॉलमची शीट आडवी सरकवत वाचून बघा एकदा!

बोर्ड: कार्ड आणि कॉलम

बहुतेक सगळ्या अ‍ॅप्सच्या मुळाशी एकच कल्पना आहे: कानबान. जपानी शब्द, अर्थ फलक किंवा पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो या इंजिनिअरने ती रुजवली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने वस्तू उचलली की फळीवरची तेवढीच रिकामी जागा भरतात, हे त्यांना भावलं. मग कारखान्यातही पुढच्या टप्प्याला गरज लागली की त्याने कार्ड मागे पाठवायचं आणि मागच्याने तेवढाच माल बनवायचा. उगाच ढीग लावायचा नाही.

ट्रेलो २०११ साली आलं आणि ही गोष्ट मोबाइल-कॉम्प्युटरवर इतकी सोपी झाली की कोणालाही दोन मिनिटांत कळते. 'करायचंय', 'चालू', 'झालं' असे कॉलम, प्रत्येक काम एक कार्ड, बोटाने सरकवायचं.

पण ओनोंच्या पद्धतीतला अर्धा भाग लोक घेतात आणि अर्धा सोडून देतात. सोडलेला भाग म्हणजे मर्यादा. 'चालू' कॉलममध्ये एका वेळी किती कार्डं चालतील हे ठरवणं. याच्यामागे गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम सांगतो: एखादं काम सरासरी किती वेळ रेंगाळेल हे काढायचं असेल तर हातात घेतलेल्या कामांच्या संख्येला कामं संपण्याच्या वेगाने भागा. समजा तुमची टीम आठवड्याला १० कार्डं संपवते आणि 'चालू'मध्ये ३० पडली आहेत. म्हणजे प्रत्येक काम सरासरी तीन आठवडे अडकणार. तीच टीम, तोच वेग, पण एका वेळी १५च कार्डं हातात घेतली तर दीड आठवडा. कोणीही रात्री जागलं नाही, कोणावर ओरडावं लागलं नाही.

जिरामध्ये कॉलमला अशी मर्यादा लावायची सोय आहे, गिटहब प्रोजेक्ट्समध्येही आहे. ट्रेलोत आम्ही कॉलमच्या नावातच "चालू, ६ पर्यंत" असं लिहून टाकलं होतं. तेवढ्यानेही भागतं.

उशीर नेमका कोणाकडे झाला?

माझ्या दृष्टीने अ‍ॅप घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि ते कुठल्याच जाहिरातीत नसतं.

छोट्या टीममध्ये उशीर झाला की बोट नेहमी सगळ्यात नवीन माणसाकडे जातं. आमच्याकडे एक मुलगा नुकताच लागला होता, प्रोबेशनवर. एका मोबाइल अ‍ॅपची रिलीज पुढे ढकलावी लागली तेव्हा क्लायंट कॉलवर सरळ म्हणाला, "तुमचा तो नवीन मुलगा स्लो आहे, त्याला बदला." मुलगा कॉलवरच होता, म्यूटवर. आमच्या सिनियरने काही वाद घातला नाही. स्क्रीन शेअर केली आणि ते कार्ड उघडलं. कार्डाच्या इतिहासात तारखा होत्या. काम दोन दिवसांत पूर्ण होऊन 'क्लायंटची मंजुरी' या कॉलममध्ये गेलं ३ तारखेला, आणि मंजुरी आली १२ तारखेला. नऊ दिवस ते त्यांच्याच मेलबॉक्समध्ये पडून होतं. पुढे फक्त एवढंच झालं की क्लायंटने मंजुरीसाठी त्यांच्याकडच्या एका माणसाचं नाव दिलं. मुलगा पुढे कन्फर्म झाला.

यात कमाल अ‍ॅपची नव्हती, कॉलमची होती. थांबण्यासाठी वेगळा कॉलम नसता तर ते कार्ड ते नऊ दिवस 'चालू'मध्येच, त्या मुलाच्या नावावर दिसलं असतं. म्हणून बोर्ड लावताना 'चालू' आणि 'झालं'च्या मध्ये प्रत्येक वाट बघण्याची जागा वेगळी करा: 'टेस्टिंगसाठी थांबलंय', 'क्लायंटकडे', 'सरांच्या सहीसाठी'. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये शेवटचा कॉलम तर फारच उपयोगी आहे!

याच्या नेमकी उलट दिशा म्हणजे दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारी, माउस किती हलला ते मोजणारी सॉफ्टवेअर्स. सहा जणांच्या टीममध्ये असलं काही लावू नका. तिथे माणसं काम करण्यापेक्षा माउस हलवायला शिकतात.

मग कोणतं?

आधी काही बांधलेलं नसेल तर ट्रेलोपासून सुरुवात करा. पुढे कमी पडलं तर कळेलच. कामांचं एकमेकांवर अवलंबून असणं (हे झाल्याशिवाय ते नाही) ट्रेलोत नीट मांडता येत नाही, आणि दोनशे कार्डं झाली की बोर्ड म्हणजे रविवारची मंडई होते.

जिरा वेगळा प्राणी आहे, अक्षरशः. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने ते २००२ साली सॉफ्टवेअरमधले बग नोंदवण्यासाठी आणलं. त्याआधी त्यांचे डेव्हलपर बगझिला वापरायचे, त्यावरून गॉडझिला, आणि गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, त्यातला 'गो' काढला की जिरा. (ट्रेलोही २०१७ पासून याच कंपनीकडे आहे.) जिराची ताकद म्हणजे प्रत्येक कामाचा रस्ता तुम्ही ठरवू शकता: टेस्टरने पास केल्याशिवाय कार्ड पुढे जाणारच नाही वगैरे. पण ते रस्ते बांधायला आणि सांभाळायला कोणीतरी लागतं. सॉफ्टवेअर टीम असेल, पुढे नोकरी त्याच क्षेत्रात करायची असेल तर शिकून ठेवा, मुलाखतीत विचारतात. साड्यांच्या ऑर्डरसाठी जिरा म्हणजे माळ्यावरचा डबा काढायला क्रेन.

कोडच लिहीत असाल आणि कोड गिटहबवर असेल तर वेगळं काही घेऊच नका. गिटहबचे इश्यू आणि प्रोजेक्ट्स पुरतात. कोड जमा करताना संदेशात इश्यूचा नंबर 'फिक्सेस' शब्दासह लिहिला की तो कोड मुख्य शाखेत गेल्यावर इश्यू आपोआप बंद होतो. काम करणाऱ्याला वेगळं अपडेट द्यावं लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा गुण. आम्ही शेवटी यावरच आलो. फक्त डिझायनरला सवय व्हायला महिना गेला.

नोशनमध्ये माहिती, नोट्स, मीटिंगचे मुद्दे छान राहतात, पण काही टीम्स काम करण्याऐवजी पानं सजवत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. झोहो प्रोजेक्ट्स चेन्नईच्या झोहोचं आहे. बिल रुपयांत मिळतं आणि झोहोची इतर अ‍ॅप्स आधीच वापरत असाल तर तेच बरं. आसना, क्लिकअप चांगली आहेत, पण सहा जणांना त्यातलं निम्मं लागत नाही. रेडमाइन, ओपनप्रोजेक्ट ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर्स स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतात. पैसे वाचतात, पण बॅकअप आणि अपडेट करणारा माणूस तुम्हीच असता.

फुकट कुठपर्यंत?

जिराची मोफत योजना १० जणांपर्यंत आहे. ट्रेलोच्या मोफत वर्कस्पेसलाही १० जणांची मर्यादा आहे. इथे एक खुबी लक्षात घ्या: जिरामध्ये अकरावा माणूस आला की पैसे एकाचे नाही, अकराच्या अकरा जणांचे लागतात. म्हणून इंटर्न, क्लायंट, अधूनमधून बघणारे सर हे सगळे मोजून घ्या. या मर्यादा कंपन्या बदलत असतात, साइन-अप करण्याआधी किमतीचं पान उघडून बघा.

किंमत प्रत्येक माणसामागे, दर महिन्याला, बहुतेक डॉलरमध्ये असते. वर कर. शिवाय रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दलचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी सेवांचं दरमहा पेमेंट काही कार्डांवर अडतं. आमचं दोनदा अडलं. वर्षाचे एकदम भरणं किंवा रुपयांत बिल देणारी सेवा घेणं, हे दोन मार्ग.

फोनवर तपासायच्या गोष्टी

वेबसाइटवरचा डेमो लॅपटॉपवर चकाचक दिसतो. तुमची टीम ते लोकलमध्ये उभी राहून वापरणार आहे. तेव्हा टीममधला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि बघा. नवीन काम टाकायला किती वेळा टच करावं लागतं? चारपेक्षा जास्त झालं तर लोक पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जातील. व्हॉट्सअ‍ॅपमधला फोटो 'शेअर' करून थेट कार्डात टाकता येतो का? फ्लाइट मोडमध्ये लिहिलेलं नेट आल्यावर राहतं की उडतं? नोटिफिकेशन येतं का? बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवणारी सेटिंग मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करते, आणि मग "मला आलंच नाही" हे खरंही असतं. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या सेटिंगमधून सूट द्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते. एकजण 'पेमेंट' देवनागरीत लिहितो, दुसरा इंग्रजीत, तिसरा इंग्रजी अक्षरांत मराठी. सर्चला ही तीन वेगळी कामं वाटतात आणि एकच बग तीनदा नोंदला जातो. कार्डाचं शीर्षक कुठल्या लिपीत लिहायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा. आत काहीही लिहा.

मग दोन आठवडे खरं काम त्यावर चालवा. खोटी 'टेस्ट टास्क' टाकून काही कळत नाही. शेवटी फक्त एक मोजा: किती कार्डं ज्याच्या नावावर होती त्यानेच सरकवली, आणि किती कोणीतरी त्याच्या वतीने? कार्डाच्या इतिहासात नाव दिसतं. आमच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जवळजवळ सगळी कार्डं आमची सिनियर एकटीच रोज रात्री सरकवत होती. बोर्ड एकदम चकचकीत दिसायचा. तो आम्ही बंद केला.

निघायचा रस्ता आधी बघून ठेवा

अ‍ॅप्स बंद पडतात. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं फार लाडकं अ‍ॅप होतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली ते घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. लोकांना याद्या मायक्रोसॉफ्टच्या टू-डूमध्ये हलवाव्या लागल्या. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक्स्पोर्ट करून बघा. ट्रेलोच्या मोफत योजनेत बोर्ड जेसन फाइलमध्ये मिळतो, शीटमध्ये सरळ उघडणारी सीएसव्ही फाइल मात्र पैसे भरल्यावर. आणि जेसनमध्ये जोडलेल्या फायली नसतात, त्यांच्या फक्त लिंक असतात. डिझाइनच्या मूळ फायली ड्राइव्हवर वेगळ्या ठेवा.

कॉलेजवाल्यांनी अकाउंट कॉलेजच्या ईमेलवरून उघडू नका. डिग्री झाल्यावर तो ईमेल बंद झाला की बोर्डाचा मालकच गायब होतो, आणि पासवर्ड बदलायची लिंकही त्याच बंद मेलवर जाते. टीमसाठी एक वेगळं जीमेल काढा आणि अ‍ॅडमिन किमान दोन जणांना करा. कंपनीतही हेच, कारण सोडून जाणारा माणूस बहुतेक वेळा नेमका अ‍ॅडमिनच असतो.